मोकळी फेरी

घड्याळबाईंनी तिसऱ्या पाटीपाशी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. पाटी तारेच्या स्टँडवर गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. वाकलं की नाक तिच्यापासून वीतभर अंतरावर यायचं, आणि मान जराशी वाकडी केली की अक्षरं कडेकडेने हाती लागायची. ‘थांबा. कुत्र्याला बसवा. एक पाऊल पुढे, पुन्हा थांबा. दोन पावलं...’ पुढचं लागायच्या आत मागून आवाज आला.

“बाई, त्या नाडीला आता खिळाच ठोका! पहिल्या पाटीपासून तिसऱ्यांदा सुटली.”

आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बांधलेली दोन कुत्री उठून उभी राहिली. घड्याळबाई सरळ झाल्या. समोर एक रुंद, चौकडीच्या शर्टातला माणूस उभा होता. शर्ट दिसत होता, खांदे दिसत होते, चेहऱ्याच्या जागी मात्र नेहमीसारखा धुरकट डाग होता.

“नाडी जुनी झालीये,” त्या म्हणाल्या आणि चौथ्या पाटीकडे निघाल्या. तिथे नाडी बांधायची आता सोय राहिली नव्हती.

हा माणूस कुत्र्यांच्या या क्लबात महिन्याभरापूर्वी आला होता. भाजीच्या घाऊक बाजारात तीस वर्षं लिलाव पुकारत होता, म्हणून सगळे त्याला लिलाववाले म्हणत. क्लबात माणसांना नावं नव्हती, निदान कुणाच्या लक्षात राहत नसत. कुत्र्यांची नावं मात्र तोंडपाठ. ‘बिजलीचा बाबा’, ‘ढोल्याची आई’, ‘लोहारकाका’ अशा नावांवर पंधरा पंधरा वर्षं दोस्ती चालली होती, आणि कुणाच्या घरी पत्र पाठवायची वेळ आली की पाकिटावर काय लिहायचं म्हणून पंचाईत व्हायची. घड्याळबाई त्यातल्याच. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मागच्या खोलीत घर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. “आता घड्याळं घालतंय कोण?” असं त्या सगळ्यांना सांगत, आणि ते लोकांना पटतही असे.

खरं कारण त्यांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरला ठाऊक होतं. नजरेच्या मधोमध एक ठिपका आला होता, घड्याळाच्या काचेवर कुणी तेलकट बोट टेकवावं तसा. कडेचं दिसत होतं, मधलं पुसट होत चाललं होतं. ‘कडेची नजर राहील,’ डॉक्टर म्हणाले होते, ‘मधली परत येणार नाही.’ तसं लिहिलेला कागद लिफाफ्यात दुकानातल्या डाव्या खणात, बारक्या स्प्रिंगांच्या डबीखाली पडला होता. मुलाला त्याचा पत्ता नव्हता. मुलगा मायेचा, पण एकदा बोलला होता, “आई, डोळे धड आहेत तोवर रहा खुशाल एकटी. पुढे मात्र माझं ऐकायचं, माझ्याकडे यायचं.” त्याच्या इमारतीत कुत्री ठेवू देत नसत. घड्याळबाईंनी तेव्हा मान डोलावली, आणि त्यानंतर ताकास तूर लागू दिली नाही.

कारण लंबक होता. तांबूस, मध्यम बांध्याचा, एक कान उभा आणि एक पडलेला, जातकुळीचा काही ठावठिकाणा नसलेला कुत्रा. शेपूट इकडून तिकडे अशी काही ठेक्यात हलायची की पहिल्याच दिवशी नाव ठरून गेलं. चार वर्षं तो आणि बाई क्लबाच्या जुन्या, शिस्तीच्या स्पर्धेत उतरत होते. त्यात परीक्षक मोठ्याने हुकूम सोडत, बाई तो पाळत, आणि कुत्र्याशी एका शब्दापलीकडे बोलायला बंदी. त्यात बाईंना डोळ्यांची गरजच नव्हती, कान पुरत. पण गेल्या वर्षी एका फेरीत बाईंच्या लक्षात आलं की रिंगणात पाऊल पडलं की लंबकाची शेपूट थांबते. काम चोख करायचा, पण कारकुनासारखं. बाहेर आला की पुन्हा सुरू. घड्याळ बंद पडलेलं बाईंना कधीच बघवत नसे.

“काकू, मग रॅली खेळून बघा ना,” क्लबाची डॉक्टरीण म्हणाली होती. ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायची आणि रविवारी शाळेच्या मैदानात कुत्र्यांना शिकवायची, आणि दोन्हीकडे तिचा हात तितकाच हलका होता. हा नवा खेळ तिनेच कुठूनसा शिकून आणला होता. “यात बोलायचं कुत्र्याशी, हवं तितकं. शाबासकी द्या, गप्पा मारा, गाणं म्हणा. मैदानात पंधरा-सोळा पाट्या मांडलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एक काम. इथे बसवा, इथे गर्रकन फिरा, इथे शंकूंमधून नागमोडी जा. एका पाटीकडून दुसरीकडे, दोघांनी मिळून. परीक्षक गप्प असतो.”

परीक्षक गप्प असतो, हेच तर अवघड होतं. पण ‘बोलायचं कुत्र्याशी’ एवढं ऐकून बाईंनी नाव घातलं. पाट्यांचं काय करायचं ते नंतर बघू म्हणाल्या.

पाट्यांचं जे काही करायचं ते मोकळ्या फेरीतच शक्य होतं. खेळाआधी दहा मिनिटं कुत्र्यांना बाहेर बांधून नुसत्या माणसांनी रिंगणातून फिरून यायचं, मार्ग बघून ठेवायचा, अशी पद्धत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं इथे वेड्यांची शाळा भरली आहे. वीस थोराड माणसं डावा हात पुढे धरून, नसलेल्या पट्ट्याला नसलेली कुत्री बांधून, तोंडाने पुटपुटत, गिरक्या घेत फिरत असायची. लोहारकाका तर नसलेल्या कुत्र्याला पाय लागू नये म्हणून जपून पाऊल टाकायचे. बाईंना ते दृश्य फार आवडायचं. एरवी पोटासाठी दिवसभर घणाचे घाव घालणारा माणूस हवेला जपतोय, यापेक्षा चांगुलपणाची खूण ती काय असायची.

या दहा मिनिटांत त्यांना सगळं पाठ करायचं असे. किती पावलं, कुठे वळण, कोणत्या पाटीवर काय. पावलं मोजण्यात त्या पक्क्या होत्या, आयुष्यभर सेकंदांशीच गाठ होती. पाटी कुठे उभी आहे हेही कडेने कळायचं. तिच्यावर काय लिहिलंय एवढंच कळत नव्हतं, आणि त्यासाठी ती नाडी.

ती युक्ती लिलाववाल्यांनी रॅलीच्या पहिल्याच रविवारी मोडीत काढली. बाईंनी घरी येऊन लंबकाला सांगितलं, “तोंडाळ माणूस आहे एक.” शेपूट हलली.

दुसऱ्या रविवारी त्याने कहरच केला. मोकळी फेरी सुरू झाली आणि लिलाववाले बाजारातल्या आवाजात सुरू झाले.

“चला चिमणे, पहिली पाटी! काय म्हणते पहिली पाटी? उजवीकडे पूर्ण गिरकी! कशी घ्यायची? अशी घ्यायची! चला दुसरी पाटी, चिमणे! सावकाश चाल, एकदम सावकाश, तिसरी येईपर्यंत!”

चिमणी म्हणजे त्यांची कुत्री. नाव चिमणी आणि देह वासराएवढा, तोंड पिकलेलं. ती बाहेर झाडाखाली झोपली होती. सगळी कुत्री भुंकत असली तरी ती झोपलेलीच असायची. गुणाचं जनावर, बाईंना वाटायचं, मालकाच्या वाट्याचं शहाणपणही हिलाच मिळालंय. सगळे हसत होते. डॉक्टरीणसुद्धा हसत होती.

बाईंना राग आला. पण चौथ्या पाटीपाशी राग जरा सैल झाला, कारण चौथ्या पाटीवर काय आहे ते त्यांना वाकण्याआधीच कळलं होतं. पाचवीवरही. मग त्या लिलाववाल्यांच्या मागे चार पावलांवर चालू लागल्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, पण देवाने दुसरा डोळा असल्या बोंबल्या माणसाच्या घशात का ठेवावा, हे काही त्यांना समजेना.

त्यानंतर दर रविवारी हेच. लिलाववाले पुढे पुकारत, बाई मागे चार पावलं. कान टवकारलेले, चेहरा असा की आपण भलत्याच विचारात आहोत. ही चोरी आहे असं त्यांना वाटायचं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खातोय आणि वर त्यालाच नावं ठेवतोय. सरावात नावं नोंदवलेल्या क्रमाने पुकारत, आणि लिलाववाल्यांचा नंबर बाईंच्या बरोबर आधी असे. त्यामुळे ते रिंगणात असत तेव्हा बाई सामानाच्या खोलीमागे लंबकाचे पाय मोकळे करत असत. चिमणी रिंगणात कशी चालते, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. बघितलं असतं तरी डागच दिसला असता, असं म्हणून त्यांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही.

एकदा चहाच्या टेबलाशी लिलाववाले रंगात आले होते. कुत्री खुर्च्यांखाली आडवी झाली होती आणि ढोल्या कुणाच्या तरी हातातल्या पावाकडे टक लावून बसला होता.

“लिलावात माल बघायचा नसतो,” लिलाववाले सांगत होते. “माल काय, टोपलीत आहेच. गिऱ्हाईकाचे डोळे बघायचे. तीस वर्षं मी माणसांचे डोळेच वाचलेत. ज्याला माल खरोखर हवा असतो ना, तो मालाकडे बघतच नाही. बाजूला बघतो. कोण कुठे बघतोय, आणि कोणाला काय दिसतंय, मला लांबून कळतं.”

घड्याळबाईंनी मान वळवून कपात पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. लिलाववाल्यांना बघायचं तर त्यांना बाजूलाच बघावं लागायचं.

“असं का,” त्या म्हणाल्या. “मग ओरडता कशाला एवढं? डोळ्यांनीच भागवा की.”

सगळे खो खो हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने लिलाववाले.

दोन महिन्यांत लंबक बदलला. रिंगणात बाई त्याच्याशी बोलत. “हं, आता बारा पावलं, राजा. बारीक पावलं. वळलो बघ. शहाणा माझा.” शेपूट डावीकडून मांडीवर टपटप लागायची आणि बाईंना वाटायचं, चालतंय. एका रविवारी शंकूंच्या नागमोडीत लंबक जरा जास्तच चिकटून चालत होता. बाई शंकूला धडकणार होत्या, आणि त्याने खांद्याने त्यांचा गुडघा हलकेच बाजूला सारला. नियमाने त्याचा एक गुण गेला. घरी आल्यावर बाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला.

“आई, येऊ का बघायला? सुट्टी आहे मला.”

“काय बघणारेस? उन्हात उभा राहशील आणि कंटाळशील.”

“चार वर्षं तेच सांगतेस. बरं, जिंक मग.”

“जिंकायचं काय त्यात,” बाई म्हणाल्या. आज एकच करायचं होतं. दुसऱ्या गावाहून आलेल्या परीक्षकासमोर, एवढ्या लोकांत, एखाद्या पाटीपुढे बावळटासारखं उभं राहायची वेळ येऊ द्यायची नव्हती. तशी वेळ आली तर सगळ्यांना कळेल. एकाला कळलं की मुलाला कळायला संध्याकाळ पुरेल, आणि मग लंबकाला कुणाच्या दारात बांधायचं हे ठरवत बसावं लागेल.

स्पर्धा दोन फेऱ्यांची होती, एक सकाळी, एक दुपारी, आणि दोन्हींचे मार्ग वेगळे. सकाळची मोकळी फेरी सुरू झाली. लिलाववाल्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि पहिल्या पाटीपाशी जाऊन घसा साफ केला. परगावचे स्पर्धक एकमेकांकडे बघू लागले.

“चला चिमणे! पहिली पाटी काय म्हणते?”

बाई चार पावलांवर. पहिली, दुसरी, पाचवी, आठवी. डोक्यात एकेक चक्र जागच्या जागी बसत होतं. नवव्या पाटीपाशी मात्र बाहेर बांधलेली कुत्री कशावरून तरी पेटली. वीस-पंचवीस गळे एकदम सुटले आणि त्या गदारोळात लिलाववाल्यांचाही आवाज बुडाला. बाईंना फक्त ‘समोर’ एवढं ऐकू आलं. काय समोर? कोण समोर? दहावी पाटी अकरा पावलांवर होती आणि लिलाववाले तिकडे निघालेही होते.

दोन पावलं जाऊन ते थांबले. कुत्री गप्प होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग वळून पुन्हा नवव्या पाटीपाशी आले.

“ऐकू नाही आलं ना, चिमणे?” ते ओरडले. “काही हरकत नाही, परत सांगतो! कुत्र्याला समोर बोलवायचं, आपल्या पायांपुढे! मग उजवीकडून, पाठीमागून फिरवून, पुन्हा डाव्या बाजूला घ्यायचं! आलं का ध्यानात?”

क्लबातल्या लोकांची हसून पुरेवाट झाली. लोहारकाका डोळे पुसायला लागले. इतकं काय हसण्यासारखं झालं ते बाईंना कळलं नाही. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता, तेवढ्यावर त्या खूश होत्या.

आज नंबर चिठ्ठ्या टाकून काढले होते. बाई सातव्या, लिलाववाले आठवे.

“चल राजा,” त्या लंबकाला म्हणाल्या आणि रेघेच्या आत गेल्या. गवत अजून ओलं होतं. परीक्षकाने विचारलं, “तयार?” आणि मग खरोखरच गप्प झाला. बाई बोलू लागल्या. नऊ पावलं, गिरकी. सावकाश. अगदी सावकाश, म्हातारे झालोय आपण. बस. शहाणा. आता पळ, पळ, पळ! लंबकाची नखं गवतात खरखरत होती, गळपट्ट्याची कडी किणकिणत होती, आणि त्या दोन आवाजांवरून तो कुठे आहे हे बाईंना इंचाइंचाने कळत होतं. नवव्या पाटीपाशी त्यांनी त्याला समोर बोलावलं. तो आला, पायांपुढे बसला आणि वर बघू लागला. त्याचा चेहरा त्यांना वर्षभर दिसला नव्हता. बाईंनी जरा बाजूला बघितलं, तेव्हा तो उभा कान दिसला.

“उजवीकडून, पाठीमागून,” त्या म्हणाल्या. लंबक फिरून जागेवर आला. शेवटच्या रेघेपर्यंत कुठे अडलं नाही. शंभरात एक्क्याण्णव. टाळ्या वाजल्या आणि बाई डॉक्टरणीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकल्या.

“काकू, काय सुंदर चाललात!” डॉक्टरीण म्हणाली. “एकदाही पाटीपाशी घुटमळला नाहीत. मी एवढी वर्षं खेळतेय, मला नाही जमत. पाट्या बघतच नाही तुम्ही!”

“पाठ असतं,” बाई म्हणाल्या. खरं होतं ते.

आठवा नंबर पुकारला गेला. बाई लंबकाला पाणी पाजत होत्या. आता मैदान दणाणणार म्हणून त्यांनी मनाची तयारी केली. परीक्षकाने विचारलं, “तयार?” आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

काहीच नाही. पावलं तेवढी. एक हलकी, एक जड आणि सावकाश. कुठेतरी पाखरू बोललं. बाईंनी मान वर केली.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “बोलत का नाहीत? बाद केलं का?”

“कोणाला? छे! चाललेत की,” डॉक्टरीण कुजबुजली. “बघा ना.”

“मग आज तोंड का बंद?”

“रिंगणात ते कधीच बोलत नाहीत, काकू. बोलून काय उपयोग? चिमणी बहिरी आहे.”

बाईंच्या हातातली पाण्याची वाटी कलंडली. लंबक सांडलेलं पाणी चाटू लागला.

“बहिरी?”

“ठार बहिरी. दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीत नाही? शिस्तीच्या स्पर्धेत त्यांना नको म्हणाले, म्हणून तर रॅलीत आले. सगळं हातांनी शिकवलंय त्यांनी तिला.”

“पण मोकळ्या फेरीत तर...”

“ती गंमत हो त्यांची! बहिऱ्या कुत्रीला ओरडून ओरडून पाट्या सांगायच्या. ‘ऐकू नाही आलं ना, चिमणे?’ म्हणे! आम्ही हसून लोळतो. तुम्ही कशा नाही हसलात कधी?”

घड्याळबाई रिंगणाकडे वळल्या. मग नीट दिसावं म्हणून त्यांनी नजर थोडी डावीकडे, रिकाम्या गवताकडे वळवली.

कडेला, त्या उरलेल्या उजेडात, तो रुंद माणूस चालत होता. पालेभाजीच्या ढिगापुढे उभा राहून बाजार हलवणारा माणूस, आणि आता त्याची दोन बोटं हलत होती फक्त. दोन बोटं मांडीशी आली, चिमणी बसली. तळवा जमिनीला समांतर झाला, तिची चाल मंदावली. गुडघा किंचित वळला आणि तो वासराएवढा देह त्याच्याबरोबर वळला, दार बिजागरीवर फिरावं तसा. चिमणी एकदाही इकडे तिकडे बघत नव्हती. तिचं पिकलेलं तोंड त्याच्याकडे वर उचललेलं होतं, आणि तोही तिच्यावरची नजर काढत नव्हता. पाट्या त्याने केव्हा वाचल्या कोण जाणे. नागमोडीत तिचं एक पाऊल चुकलं तर तो थांबला, घाई केली नाही, रागावला नाही, तिच्या लक्षात येईपर्यंत उभा राहिला. शेवटची रेघ ओलांडल्यावर त्याने वाकून तिच्या हनुवटीखाली अंगठा फिरवला. कुणाचं काम इतक्या आदराने बाईंनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्या दुकानातल्या चांगल्या दिवसांत त्या स्वतः असं काम करत असत.

टाळ्या झाल्या. बाईंच्या टाळ्या मागे राहिल्या, कारण त्यांना हिशेब लागत होता. पहिल्या रविवारी नाडीला खिळा ठोका म्हणाला. दुसऱ्या रविवारी ओरडायला लागला. कोण कुठे बघतोय आणि कोणाला काय दिसतंय, मला लांबून कळतं. आणि आज सकाळी, नवव्या पाटीपाशी, कुत्री गप्प होईपर्यंत उभा राहिला. ऐकू नाही आलं ना? काही हरकत नाही, परत सांगतो. दोन महिने सगळ्या क्लबाला हसू दिलं त्याने, स्वतःला विदूषक करून घेतलं, आणि एका शब्दाने कुणाला कळू दिलं नाही. आपण मात्र त्याला बोंबल्या म्हणून मोकळ्या झालो.

त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. डॉक्टरणीला वाटलं एक्क्याण्णव गुणांचं आहे.

जेवणाच्या सुट्टीत बाई लंबकाला घेऊन सामानाच्या खोलीमागे गेल्या. बोटांनी चाचपून मुलाचा नंबर लावला.

“काय गं, कसं झालं?”

“चांगलं झालं. तू येतोस का? तीन वाजता दुसरी फेरी आहे.”

“येतो की! सकाळी तर नको म्हणालीस.”

“येताना दुकानात जाऊन ये. किल्ली आहे ना तुझ्याकडे? डाव्या खणात, बारक्या स्प्रिंगांच्या डबीखाली एक लिफाफा आहे. डोळ्यांच्या दवाखान्याचा.”

“आई?”

“वाच तो. दोन वर्षांपूर्वीचा आहे. पण लगेच काही बोलू नकोस. आधी इथे ये, मला आणि लंबकाला चालताना बघ, आणि मग काय बोलायचं ते बोल.”

फोन ठेवून त्या खाली बसल्या. लंबकाने त्यांच्या बुटाच्या नाडीचा वास घेतला.

तीनला दहा मिनिटं असताना दुपारची मोकळी फेरी सुरू झाली. पाट्या नव्याने मांडल्या होत्या. वीस माणसं नसलेली कुत्री घेऊन आत शिरली. लिलाववाल्यांनी सकाळसारखाच घसा साफ केला.

“चला चिमणे! पहिली पाटी काय...”

घड्याळबाई आज चार पावलं मागे राहिल्या नाहीत. चालत आल्या आणि त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा उभ्या राहिल्या. कुंपणापाशी एक मोटारसायकल येऊन थांबली होती. तिचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्या तिकडे वळल्या नाहीत.

“चिमणीला झोपू द्या,” त्या म्हणाल्या. “पाटीवर काय लिहिलंय ते मला सांगा.”

लिलाववाल्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यांनी कोपर जरा पुढे केलं, आणि बाईंनी ते धरलं. पलीकडून लोहारकाका ओरडले, “काय हो, आज आवाज बसला का?” पण लिलाववाल्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते पाटीकडे वाकले, आणि फक्त एकाच माणसाला ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात वाचू लागले.

“थांबायचं,” ते म्हणाले. “लंबकाला बसवायचं. मग तुम्ही एकट्यानेच त्याच्याभोवती एक फेरी मारायची. तो हलणार नाही. पुढची पाटी दहा पावलांवर आहे, बाई. घाई नाही.”